अंध गणिती ऑयलर

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही पूर्ण संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या होय, हे तुम्ही शिकला आहातच. १३ ही मूळ संख्या आहे, हे क्षणात सांगता येते. परंतु २,१४,७४,८३,६४७ ही मूळ आहे काय? या प्रश्नाचे उत्तर एका अंध पुरुषाने दिले. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरीत झाला. वडील धर्मोपदेशक होते; मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु थोर गणिती योहान बेर्नुली दर शनिवारी त्याच्या शंकांचे निरसन करीत असत. त्यांनी त्याची असामान्य बुद्धी ओळखली आणि वडिलांचे मन वळविले. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्झबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाला.

३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही मालिका पाहा. प्रत्येक संख्येतून १ वजा करून, बाकीचा वर्ग करून त्यात १ मिळविला की पुढची संख्या येते. या मालिकेतील सर्व संख्या मूळच असतात, असे फ्रान्समधील थोर गणिती फेर्मा याचे मत होते. ऑयलरने केवळ थोराचे मत म्हणून ते स्वीकारले नाही. मालिकेतील पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही आहे. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो, हे त्याने १७३२ मध्ये दाखविले. गुणाकार करून तुम्हीही ताळा पाहावा.

पुढे ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७६६ मध्ये बर्लिनहून तो रशियात परतला आणि डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू झाला. १७७१ मधील शस्त्रक्रिया अखेर निष्फळ ठरली. त्याच वर्षी नगराला आग लागून त्याचे घर भस्मसात झाले; एका देशबांधवाने त्याला कसेबसे बाहेर काढले.

अशा स्थितीत १७७२ मध्ये त्याने आरंभी सांगितलेली संख्या मूळ असल्याचे कळविले. ३१ वेळा २ मांडून केलेल्या गुणाकारातून १ वजा केला की ती येते. तिचे वर्गमूळ ४६,३४१ हून किंचित कमी असल्याने त्याच्या आतील भाजक तपासणे पुरेसे होते. तिला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरली पाहिजे, हे ऑयलरने ओळखले. त्यामुळे हजारो भागाकारांचे काम पावणेचारशेहूनही कमी भागाकारांवर आले. त्यांपैकी एकही निःशेष गेला नाही.

मुले व शिष्य लिहून घेत आणि ऑयलर सांगत असे. त्याच्या आठशेहून अधिक लेखांचा व ग्रंथांचा मोठा भाग दृष्टी गेल्यानंतरचा आहे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याचे चिंतन चालूच होते. डोळ्यांपुढचा कागद नाहीसा झाला, तरी मनातील पाटी त्याने कधी कोरी राहू दिली नाही.