पंडिता रमाबाई आणि स्वकष्टाची भाकर

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा हे गाव आहे. जेथे पूर्वी शेते होती तेथे आता कारखाने उभे आहेत, आणि आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनी दरमहाच्या वेतनावर प्रपंच चालवितात. वेतन थांबले तर मुलाबाळांनी काय खावे, ही काळजी कोणत्या घरी नाही? म्हणून पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही आज याच एका दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्यांची तेथे जमीन होती, परंतु यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात ती संपत्ती गेली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता त्यांस वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब बाहेर पडले. पुढे पुराण सांगावे व मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, असा त्यांचा क्रम चालला. मुलांस संस्कृत उत्तम शिकविले, परंतु पोट भरण्याचा कोणताही धंदा शिकविला नाही.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. साठविलेले द्रव्य व भांडी गेली. मोलमजुरी करण्यास कुलाभिमान आडवा आला. १८७४ च्या सुमारास आईबाप दोघेही मरण पावले व पाठोपाठ थोरली बहीणही गेली. विद्या घरात असून घर उपाशी राहिले, ही गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

१८८० साली बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. पुढल्या वर्षी कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. पदरी दहा महिन्यांचे मूल, आणि माहेर उरले नव्हते. बाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच्या उत्पन्नाचा उपयोग करून १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडास गेल्या. वांटेज येथे हिंदुस्थानास येणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत व त्याच्या मोबदल्यात स्वतः इंग्रजी शिकत. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांस वैद्यकी शिकावयाची होती, परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. तेव्हा त्यांनी शिक्षिकेचा मार्ग धरिला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक तेथे फार खपले. बॉस्टन येथील मंडळीने दहा वर्षे साह्य देण्याचे कबूल केले, आणि १८८९ च्या मार्चात मुंबईस शारदासदन निघाले.

दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न बाईंनी मुदत सरण्याआधीच स्वतःस विचारिला. त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लाविली, ती याच हेतूने की बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी. तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि मध्यप्रांतातून सुमारे ३०० अनाथ मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. तेथे विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही कामे बाया शिकल्या. बाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतरही तेथेच स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. इतके असूनही केवळ शेतीवर एवढा मोठा परिवार पोसला गेला नाही. दूरदूरच्या लोकांची दानेही लागली. परंतु दान येते म्हणून हात स्वस्थ ठेवावे, असे तेथे कोणी शिकले नाही.

याची किंमतही पडली. बाई चेल्टनहॅम येथे असता लहानगी मनोरमा वांटेजच्या भगिनींजवळ राहत असे. आई व लेक यांचा पुष्कळ काळ असा वियोगात गेला. तरी मोठेपणी तीच कन्या आईचा उजवा हात झाली. १९२१ च्या जुलैत ती निवर्तली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.

आईबापांनो, रमाबाईंच्या वडिलांचे प्रेम कमी नव्हते. लेकरांच्या हातास काम देणे तेवढे राहून गेले. आपण मुलगे व मुली दोघांसही विद्येबरोबर एक तरी कसब शिकवू या. वेतन चालू आहे तोवरच त्यातून थोडे बाजूस ठेवू या, आणि लग्नकार्यात लौकिकाकरिता ऋण काढू नये. स्वकष्टाची भाकर लहान असली तरी ती वाटून खाता येते, हे केडगावच्या त्या घराने दाखविले आहे.