युद्धाचे मूळ शोधणारे फ्रॉइड

१८५६ साली मोराव्हियात जन्मलेल्या सिग्मंड फ्रॉइड यांचे आयुष्य व्हिएन्नात गेले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा मनोविश्लेषणाचे हे जनक स्वतःच ऑस्ट्रियाच्या अभिमानाने भारावून गेले होते! पुढे मुलगे आघाडीवर गेले, उन्माद ओसरला. १९२० मध्ये त्यांनी मृत्युप्रेरणेचा सिद्धांत मांडला. तिच्यासमोरील जीवनप्रेरणेला ग्रीक प्रेमदेवता एरॉसचे नाव दिले. युद्ध टाळता येईल काय, असे १९३२ मध्ये आइन्स्टाइन यांनी पत्राने विचारले. संहाराची ओढ उपजतच आहे, तिला उतारा एरॉसचाच, म्हणजे माणसामाणसांतील स्नेहबंधांचा, असे फ्रॉइड यांनी कळविले. आपला सिद्धांत पुराणकथेसारखा वाटेल, हेही त्यांनी मान्य केले. (असे धैर्य विरळाच!) १९३८ मध्ये नाझींमुळे त्यांना लंडन गाठावे लागले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी ते तेथेच निवर्तले. दुसरे महायुद्ध सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे लोटले होते.