ओकाकुरा काकुझो

जपानातील योकोहामा बंदरात इ. स. १८६३ मध्ये ओकाकुरा काकुझो यांचा जन्म झाला. वडील मूळचे सामुराई, म्हणजे तलवारीवर जगणाऱ्या क्षत्रियवर्गातले. परंतु त्यांनी रेशमाचा व्यापार पत्करिला होता. बंदरातील गोऱ्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व पाहून त्यांनी मुलास बालपणीच मिशनरी शिक्षकांकडे इंग्रजी शिकावयास धाडले. मुलगा ती भाषा सफाईने बोलू लागला. असे सांगतात की, एकदा प्रवासात वडिलांनी त्यास वाटेवरील खांबावरचे गावाचे नाव वाचावयास सांगितले. अक्षरे स्वदेशीच होती. मुलास एकही वाचता येईना! वडिलांनी त्यास बौद्ध मठात जुन्या विद्येच्या अभ्यासास ठेविले. इंग्रजीचा पाठ मात्र सुटू दिला नाही.

पुढे तोकियो विद्यापीठात फेनोलोसा या अमेरिकन अध्यापकांचा सहवास त्यांना लाभला. त्या काळी पाश्चात्त्य वस्तूंच्या मोहाने जपानात जुनी चित्रे व मूर्ती कवडीमोलाने विकल्या जात. या उभयतांनी देशभर हिंडून त्यांचा शोध घेतला. होर्युजी मठात शतकानुशतके कापडात गुंडाळलेली अवलोकितेश्वराची मूर्ती त्यांच्याच आग्रहाने उघडण्यात आली. १८९० साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ओकाकुरा तोकियोच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख झाले.

१९०१ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले. स्वामी विवेकानंद व टागोर कुटुंब यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. याच प्रवासात त्यांनी आपल्या मराठवाड्यातील अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहिली. होर्युजीच्या भिंतींवरील चित्रांचे अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले नाते त्यांनी आपल्या ग्रंथात जगापुढे मांडिले.

१९०६ साली त्यांचे चहावरील इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. रशियाशी युद्ध करू लागल्यावर जगाने जपानला सुधारलेले म्हणावे, याची त्यांना खंत वाटे. जपानचे खरे मोठेपण त्यांनी चहाच्या लहानशा खोलीत दाखविले. तिचे दार जेमतेम दोन हात उंच. आत शिरण्यापूर्वी सामुराईनेही तलवार बाहेर ठेवावयाची आणि थोर असो वा सामान्य, प्रत्येकाने वाकूनच प्रवेश करावयाचा. आत शांतता, साधे पात्र आणि पाहुण्याविषयी आदर, एवढेच वैभव.

१९१३ साली ओकाकुरा निवर्तले. परभाषेने त्यांना जगाचे दार उघडून दिले; परंतु त्या दारातून जगास देण्याजोगे धन त्यांना स्वभाषेने व स्वदेशाच्या जुन्या विद्येने पुरविले. विद्यार्थिमित्रांनो, रेणापुरात राहून इंग्रजीचे धडे गिरविताना त्या वाटेवरच्या खांबाची आठवण आपण अवश्य ठेवावी.