शालू आणि जुनेर

बालगंधर्वांना मी पाहिले ते केवळ छायाचित्रांतून. चापूनचोपून नेसलेली नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर फुले. हा पुरुष आहे, हे नवख्याला सांगावेच लागते. रूप ही वरवरची गोष्ट आहे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. परंतु या नटाचे चरित्र वाचू लागलो आणि ते मला तितकेसे पटेना.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव कायमचे झाले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले व शकुंतला म्हणून रंगमंचावर उभे राहिले. घरंदाज स्त्रीने नाटकात काम करणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांच्या गळ्याला मिळाली. १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. तरीही तोंडाला रंग लावून ते भामिनी म्हणून उभे राहिले. त्या रंगाखाली काय दडले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९१६ साली 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आली आणि त्यांच्या रूपाने महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्यासारखे लुगडे नेसावे, त्यांच्यासारखी फुले माळावी, असे घरोघरच्या स्त्रियांना वाटू लागले. नटावे कसे, हे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे, ही गंमत खरीच. पण त्यांनी स्त्रीचे चालणे-बोलणे किती बारकाईने न्याहाळले असेल, याचीही ती साक्ष आहे.

मला मात्र रुक्मिणीपेक्षा सिंधू मोठी वाटते. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. नवऱ्याच्या दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारातील सिंधूसाठी त्यांनी भरजरी शालू बाजूला ठेवून जुनेर अंगावर घेतले. ज्या सौंदर्यासाठी लोक तिकीट काढीत, तेच त्यांनी झाकले आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. वेश हा मिरवण्यासाठी नसून माणसाची अवस्था सांगण्यासाठी असतो, हे त्यांना पुरते उमगले होते.

पण याच रूपाने त्यांना बांधूनही टाकले. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत सारे काही अस्सल लागे: उंची वस्त्रे, अत्तरे, डोळे दिपवणारी सजावट. कर्जाचा डोंगर वाढत गेला. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथ झाले. पण लोकांच्या मनात रुक्मिणीच ठाण मांडून होती. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगभूमीवर आल्या, काळ पालटला, त्यांचे शरीरही थकले. तरी वय झाल्यावरही ते स्त्रीभूमिका करीतच राहिले. लोकांनी त्यांना दुसरा चेहरा उरू दिला नाही, की त्यांनाच तो नको होता? मला वाटते, दोन्ही खरे असावे.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

आजही स्नेहसंमेलनात एखादा मुलगा स्त्रीभूमिका करू लागला की मागच्या बाकांवरून शिट्ट्या येतात, आणि नीटनेटकी नटून येणारी मुलगी उथळ ठरते. अशा वेळी मला सिंधूचे जुनेर आठवते. नटण्यात कमीपणा नाही. आपण कशासाठी नटतो, एवढे ठाऊक असावे. आणि प्रयोग संपल्यावर रंग पुसून घरी जाता यावे. बालगंधर्वांना तेवढे साधले नाही.

पुण्यात १९६८ साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी त्यांची दोन चित्रे रंगवली आहेत: एक स्त्रीवेशातले, एक पुरुषवेशातले. नारायणराव राजहंसांना निदान तिथे तरी स्वतःची जागा मिळाली.