काडी, प्लायवूड आणि ग्लायडर: भारताला विमान डिझाईन करायला शिकवणारे डॉ. विष्णू घाटगे

दिवाळीत बाटलीत रॉकेट लावलंय, वात पेटवलीय आणि ऐनवेळी लक्षात येतं की त्याची काडी अर्धी मोडलेली आहे. पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. रॉकेट वर जायच्या ऐवजी शेजारच्या काकूंच्या गॅलरीत घुसतं आणि पुढचे चार दिवस आपण त्यांच्या समोरून जायचं टाळतो.

ती साधी काडी म्हणजे रॉकेटचा सगळ्यात जुना लाकडी पार्ट. रॉकेटचं तोंड आकाशाकडे ठेवायचं काम ती करते.

हौशी लोक मोठं, ताकदवान मॉडेल रॉकेट बनवतात तेव्हा काडीची जागा पंख घेतात. त्यांना फिन म्हणतात आणि ते बहुतेकदा प्लायवूडचे असतात. आतली मोटर नळीच्या बरोबर मध्यभागी धरून ठेवणाऱ्या चकत्या प्लायवूडच्या. पॅराशूटची दोरी जिथे अडकवतात ती जाड चकती प्लायवूडची. टोकाचा शंकूसुद्धा लाकडाचा बनवता येतो. आपल्याकडे भोवरा किंवा लाटणं जसं कातून काढतात, अगदी तसाच.

नांदेड-लातूरकडच्या पोरांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, लाकडाचं कुठं रॉकेट असतंय का? रॉकेट म्हटलं की इस्रो, चकाचक धातू आणि कोट्यवधींची लॅब हेच डोळ्यांसमोर येतं.

पण स्वतंत्र भारताचं पहिलं स्वदेशी ट्रेनर विमान ज्यांनी डिझाईन केलं, त्या मराठी माणसाने सुरुवात लाकडापासूनच केली होती. त्यांचं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

हसूरचंपूचा पोरगा थेट प्रांटलच्या हाताखाली

घाटगेंचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूरचंपू. राईट बंधूंनी पहिलं विमान उडवून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. म्हणजे विमान आणि घाटगे जवळपास एकाच वयाचे.

१९३० च्या दशकात घाटगे जर्मनीतल्या ग्योटिंगेनला पोहोचले. तिथे त्यांनी डॉक्टरेट केली ती लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली. क्रिकेटवाल्याला ब्रॅडमनने बॅट धरायला शिकवावी, तसा हा प्रकार. आधुनिक वायुगतीशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत प्रांटल यांचं नाव सगळ्यात वर येतं.

प्रांटल यांनी १९०४ मध्ये एक गोष्ट मांडली होती. नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभं राहिलात तर तिचा अंदाज येईल. नदीच्या मध्यभागी पाणी जोरात वाहत असतं, पण घाटाच्या दगडाला लागून असलेलं पाणी जवळपास थांबलेलं असतं. हवेचंही तसंच आहे. विमानाच्या पंखाला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर असतो आणि तो मंद चालतो. हा थर पंखाला धरून राहिला तर विमान नीट उडतं, सुटला तर गडबड होते. पंखाचा आकार कसा असावा, कडा कशा असाव्यात, याचं उत्तर या पातळ थरात दडलेलं असतं.

मॉडेल रॉकेटवाले प्लायवूडच्या फिनची पुढची कड पॉलिश पेपरने घासून गोल करतात आणि मागची कड निमुळती करतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. घासलेल्या कडेवरून हवा सरळ निघून जाते. करवतीने कापलेली चौकोनी कड तशीच ठेवली तर हवा तिथे अडखळते आणि रॉकेटची उंची कमी होते.

सोलापूरच्या शेठजींचा कारखाना

आता येऊया १९४० मध्ये. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या डोक्यात भारतात विमान बनवायचं वेड होतं. म्हैसूर संस्थानाने त्यांना साथ दिली, विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन व्यावसायिकाची मदत मिळाली आणि २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड सुरू झाली. आज आपण जिला एचएएल म्हणतो, तिची ही सुरुवात.

ठरलेलं काम होतं परदेशी डिझाईनची विमानं इथे जोडायची. डिझाईन त्यांचं, पार्ट त्यांचे, हात आपले.

घाटगे याच कारखान्यात आले. १९४१ मध्ये त्यांच्या डिझाईनवर तिथे एक ग्लायडर तयार झालं. त्याचं नाव जी-१. इंजिन नसलेलं, दुसऱ्या विमानाने ओढून वर न्यायचं आणि मग सोडून द्यायचं असं हे लाकडी यंत्र. त्यात १० माणसं बसायची. घाटगे तेव्हा ३२-३३ वर्षांचे होते.

त्या काळात ग्लायडरला मोठं महत्त्व आलं होतं. मे १९४० मध्ये जर्मन सैनिक ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या छतावर उतरले होते आणि अभेद्य म्हणवला जाणारा तो किल्ला बघता बघता पडला होता. आवाज न करता सैनिक उतरवणारं हे वाहन मग सगळ्याच देशांना हवंहवंसं झालं.

जी-१ मात्र एकच बनलं. पुढे त्याचं उत्पादन झालं नाही. कागदावर बघितलं तर विषय तिथेच संपला. पण एक गोष्ट हातात आली होती. आकडेमोड आपली, आराखडा आपला, बनवणारे हात आपले, आणि त्यातून उडणारं यंत्र तयार होतं हे सिद्ध झालं होतं.

लाकूडच का?

विमानाला हलकं पण मजबूत सामान लागतं. वजनाच्या मानाने बघितलं तर चांगलं लाकूड धातूला तगडी टक्कर देतं. शिवाय ते हत्याराने कापता येतं, चुकलं तर दुसरा तुकडा घेता येतो. युद्धकाळात ॲल्युमिनियमला मागणी प्रचंड होती. म्हणून ब्रिटनने मॉस्किटो हे वेगवान लढाऊ-बॉम्बर विमान चक्क प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं बनवलं. फर्निचर बनवणारे कारागीर विमानाच्या कामाला लागले.

लाकडाची एक अट असते. त्याच्या तंतूंची दिशा सांभाळावी लागते. बैलगाडीचं चाक बनवणाऱ्या सुताराला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. तंतूंच्या दिशेने लाकूड जोर सहन करतं, आडवा जोर आला की चिरतं. प्लायवूडमध्ये यावर तोडगा आहे. त्यात पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची कमजोरी शेजारचा थर भरून काढतो.

रॉकेटच्या फिनला नेमकं हेच हवं असतं. उडताना हवा फिनला वाकवायला बघते आणि वेग फार वाढला तर फिन थरथरून तुटूही शकतो. साध्या बाल्साच्या पट्टीचा फिन कापताना तंतू रॉकेटच्या अंगापासून बाहेरच्या दिशेने जायला हवेत. उलट कापला तर तो मुळातूनच मोडतो. मोठ्या रॉकेटला म्हणूनच प्लायवूड घेतात. फिनला एक जीभ ठेवतात, ती नळीच्या खाचेतून आत सरकवून थेट मोटरच्या नळीला चिकटवतात. खिडकीची चौकट सुतार जशी खाच पाडून बसवतो, तसंच हे.

दगा लाकडाने नाही, गोंदाने दिला

१९४४ च्या शेवटी भारतात असलेल्या मॉस्किटो विमानांचे अपघात झाले. हवेत असताना विमानांचे भाग निसटले. विमानं जमिनीवर थांबवावी लागली आणि चौकशी सुरू झाली. उन्हात तापणारी आणि पावसात भिजणारी विमानं उघड्यावर उभी असायची. चौकशीत सांध्यांचं सदोष चिकटकाम आणि इथल्या हवेचा परिणाम, दोन्ही गोष्टी समोर आल्या.

मराठवाड्यात राहणाऱ्याला हे लगेच पटेल. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि ऑगस्टमध्ये घराचं दार फुगून चौकटीत अडकतं. तेच दार रॉकेटचा फिन असता तर? म्हणून लाकडी पार्टच्या कडांवर सीलर किंवा इपॉक्सीचा हात मारतात. लाकडाने ओल धरली की ते वाकतं, आणि एक फिन जरी वाकडा झाला तरी रॉकेट गिरक्या घेतं.

मग आलं एचटी-२

दरम्यान १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एअरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला, तो घाटगेंच्या पुढाकाराने. ग्योटिंगेनमध्ये जे मिळालं ते आता इथल्या पोरांना मिळू लागलं.

पण कारखान्याची दिशा बदलली होती. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला लागला. युद्ध संपल्यावर तर तिथे रेल्वेचे डबेही बनले. डिझाईन करणाऱ्या माणसाला हे बघताना काय वाटलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नवे पायलट घडवायचे होते. शिकवायला टायगर मॉथ होतं, ज्याच्या पंखांचा सांगाडा लाकडी आणि त्यावर कापड ताणलेलं. त्याच्या जागी घाटगेंच्या टीमने दोन सीटचं, पूर्ण धातूचं एचटी-२ डिझाईन केलं. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं.

जी-१ पासून इथपर्यंत यायला १० वर्षं गेली. पुढे अशी दीडशेहून जास्त विमानं बनली. हवाई दलाच्या कित्येक पायलटांनी पहिले धडे यावरच गिरवले. घाना या देशाने हवाई दल उभं करताना भारताकडून एचटी-२ विकत घेतली. ज्या कारखान्यात परक्यांचे पार्ट जोडले जायचे, तिथून आता विमान परदेशात चाललं होतं.

त्यानंतर फ्लाइंग क्लबसाठी पुष्पक आलं, लष्करासाठी कृषक आलं. घाटगेंच्या नेतृत्वाखाली किरण हे जेट ट्रेनर डिझाईन झालं आणि सप्टेंबर १९६४ मध्ये उडालं. एअर शोमध्ये तोंडात बोटं घालायला लावणारी सूर्यकिरण टीम १९९६ मध्ये सुरू झाली, ती याच किरण विमानांवर.

लढाऊ जेटही आधी लाकडाचं

आता या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग. १९५६ मध्ये कुर्ट टँक हे नावाजलेले जर्मन डिझाईनर एचएएलमध्ये आले. त्यांच्या टीमकडे काम होतं भारतात पहिलं लढाऊ जेट बनवायचं, म्हणजेच मारुत.

हे सुपरसॉनिकच्या उंबरठ्यावरचं विमान. आणि ते तपासायला एचएएलने आधी काय बनवलं? त्याच आकाराचं पूर्ण लाकडी ग्लायडर. १९५९ मध्ये डकोटा विमानाने ओढून ते आकाशात नेलं. पायलटांनी ते तब्बल ७८ वेळा उडवून बघितलं. चाकांनी दगा दिल्यामुळे एका लँडिंगला ते मोडलं, पण तोवर हवं ते कळून चुकलं होतं. खरं मारुत १७ जून १९६१ ला उडालं.

मारुत हे टँक यांच्या टीमचं डिझाईन, त्याचं श्रेय त्यांचंच. पण १८ वर्षांपूर्वी घाटगेंनी ज्या कारखान्यात लाकडी ग्लायडर बनवून दाखवलं होतं, त्याच कारखान्यात जेट युगातही चूक शोधायचं काम लाकडाकडेच आलं. स्वस्तात चुकता यावं आणि चुकून शिकता यावं, ही सोय लाकडात होती.

घाटगेंना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ ला त्यांचं निधन झालं. बंगळुरूत एचएएलचं घाटगे कन्व्हेन्शन सेंटर त्यांच्या नावाने उभं आहे. आपल्याकडे मात्र स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनाही हे नाव पटकन आठवत नाही.

तुम्हाला रॉकेट बनवायचंय?

मग प्लायवूडचा तुकडा आणा, गल्लीतल्या सुतारकाकांना गाठा, तंतूंची दिशा त्यांच्याकडून समजून घ्या. चकत्या कापा, फिन घासा, शंकू कातून घ्या. तीन फिन एका मापाचे होईपर्यंत चार वाया जातील, जाऊ द्या.

फक्त एक गोष्ट घरी करायची नाही, ती म्हणजे मोटर. इंधनाचं मिश्रण घरी करणं जीवावर बेततं, आणि स्फोटकांचे कायदे कडक आहेत. उडवायचं काम परवानगी, मोकळं मैदान आणि जाणकार माणूस असेल तरच.

लाकडाचं काम मात्र आज संध्याकाळीही सुरू करता येतं. डॉ. घाटगेंचं पहिलं यंत्रसुद्धा लाकडाचंच होतं, आणि तेही एकच बनलं होतं.