बलाचा धडा लोखंडात उतरवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर



विज्ञानाच्या पुस्तकात बल, घर्षण, दाब हे शब्द येतात. त्यांच्या व्याख्या पाठ होतात, गुणही मिळतात. पण रोजच्या कामात ही बले ओळखता आली नाहीत, तर त्या पाठांतराचा उपयोग काय? म्हणून या अंकात आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांत त्यांचे मन अधिक रमे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. ते खचले नाहीत. ज्यात रंगांची गरज नाही अशी यंत्रांची रेखाचित्रे ते शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली, पण ती दुसऱ्याला मिळाली. तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला बंधू रामुअण्णांकडे आले. दोघा भावांचा तेथे सायकलींचा व्यवसाय होता. त्याच्या जोडीला त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवायला घेतला.

आता विज्ञानाकडे वळू. नांगर एकटा काही करत नाही. बैल, जू, नांगर, माती आणि शेतकरी मिळून एक प्रणाली होते. बैल पायांनी जमीन मागे रेटतो, म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते. हाच न्यूटनचा तिसरा नियम. चिखलात पाय घसरला की नांगरही अडतो. फाळाचे टोक धारदार असले तर तेच बल थोड्या जागेवर पडते, दाब वाढतो आणि माती चिरली जाते. लाकडी नांगर माती उकरतो, पण ती नीट उलटवत नाही. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा उतरणीसारखे काम करतो. माती त्यावर चढते आणि पालथी पडते. तो पत्रा गुळगुळीत असेल तर घर्षण कमी होते आणि बैलांचे श्रम वाचतात.

इतके सगळे असूनही पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. माणसाच्या मनातील ही भीतीसुद्धा त्या प्रणालीचाच एक भाग होती आणि ती कोणत्याही सूत्रात बसत नव्हती. लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर रागावून बसले नाहीत. नांगराचे काम त्यांनी चालूच ठेवले.

पुढे बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तेथे नांगरांबरोबर उसाचे चरक आणि पाण्याचे पंपही तयार होऊ लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांजवळ इंजिनिअरची पदवी नव्हती. हाताने केलेले काम बारकाईने पाहण्याची सवय मात्र होती. आपल्या कडोदऱ्यात एकीकडे उसाची शेते आहेत, तर दुसरीकडे यंत्रमाग चालतात. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा खान्देशात नांगर धरत होते आणि आज त्यांची मुले माग चालवतात. पालकांना आमची नम्र विनंती आहे, की आपण जे काम करता ते मुलांना कमी समजू देऊ नका. सायकलची साखळी, शिलाई मशीनचे चाक, मागावरचा धागा मुलांना दाखवा. कोणते बल कोठे लागते, ते त्यांनाच शोधू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी बलाची व्याख्या लिहाल, तेव्हा तिच्याखाली घरातले एक उदाहरण आपल्या शब्दांत जरूर लिहा. आम्ही ते आवडीने वाचू.