ताझिओ नुव्होलारी

मुलांनो, इटलीतील मांतुआ शहराजवळ १८९२ साली ताझिओ नुव्होलारी यांचा जन्म झाला. अंगाने ते ठेंगणे व किरकोळ होते.

१९२५ मध्ये मोंझा येथे मोटार चालवून पाहताना त्यांना मोठा अपघात झाला. डॉक्टरांनी महिनाभर अंथरुणातून उठू नये असे बजावले. पण थोड्याच दिवसांनी तेथे मोटारसायकलींची शर्यत होती! त्यांनी काय केले असेल? फटफटीवर बसतात तशा वाकलेल्या स्थितीतच अंगाला घट्ट पट्ट्या बांधून घेतल्या. माणसांनी त्यांना उचलून गाडीवर बसवले. (तुम्ही असे मुळीच करू नका!) ती शर्यत ते जिंकले व युरोपचे विजेते ठरले.

१९३० साली त्यांनी नेहमीच्या रस्त्यांवरची सुमारे १६०० किलोमीटरची मोटारशर्यत जिंकली. वेग ताशी शंभराहून अधिक! म्हणजे अमरावतीहून तासाभरात अकोला, आणि तसेच सोळा तास.

१९३२ मध्ये मोटारींतही ते युरोपचे विजेते झाले. १९३५ साली जर्मनीत जुन्या गाडीने त्यांनी नऊ बलाढ्य जर्मन गाड्या मागे टाकल्या.

त्यांचे दोन्ही मुलगे तरुणपणीच वारले. ते स्वतः ११ ऑगस्ट १९५३ रोजी मांतुआ येथे गेले. शर्यतीत नव्हे, आजाराने.